कच्चे कोण, पक्के कोण?

पुसद परिसरातील खेड्यांत मातीच्या जाड भिंतींची कवेलू घरे, तुऱ्हाट्यांच्या कुडाला शेणमाती लिंपलेली घरे आणि पत्र्याच्या खोल्या आजही शेजारी शेजारी दिसतात. यांतले पक्के कोणते, असे विचारले की विद्यार्थी मातीच्या घरांना चटकन कच्चे ठरवतात. दोष त्यांचा नाही; आपणच तसे शिकवले आहे. या वर्गीकरणाचीच एकदा परीक्षा घ्यावी, असे आम्हाला वाटते.

२०११च्या जनगणनेत भिंती व छप्पर टिकाऊ साहित्याचे असलेले घर ‘कायम’ धरले गेले. भिंतींच्या टिकाऊ साहित्यात भाजलेली वीट, दगड व काँक्रीट यांच्याबरोबर लोखंडी पत्राही होता. मातीची भिंत मात्र, हातभर जाड असो की बोटभर, तात्पुरती ठरली. म्हणजे चार बाजूंनी पत्रे ठोकलेली खोली कायम आणि जाड भिंतींचे कवेलू घर ‘अर्धकायम’!

आता विज्ञान काय सांगते ते पाहू. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की पातळ पत्रा काही मिनिटांत तापतो आणि ती उष्णता थेट आत सोडतो. जाड मातीची भिंत उष्णता हळूहळू शोषते. ती आत पोचेपर्यंत आठ-दहा तास जातात आणि बाहेर रात्र झालेली असते. शिवाय माती उन्हात वाळते, तर सिमेंटच्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमान लागते. घर पडले की माती पुन्हा वापरता येते. जुन्या गवंड्यांची मातीची पारखही मोलाची होती. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून ती शेतीला, आणि भिंतींना गावठाणाची पांढरी.

पण म्हणून जुने ते सगळे सोने म्हणावे काय? ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. तेथील भिंती दगडाच्या, म्हणजे यादीप्रमाणे टिकाऊच होत्या. परंतु दगड मातीत रचलेले, भिंतीचे आतले व बाहेरचे थर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीच्या धाब्याचे ओझे. मातीच्या घरालाही पाऊस आणि वाळवी सोसवत नाही. दरवर्षीच्या लिंपणाचे कष्ट बहुधा घरातल्या बायांच्याच वाट्याला येतात. हे लपवून वारशाचे गोडवे गाणे अप्रामाणिक ठरेल.

आमचा आक्षेप एवढाच, की हे वर्गीकरण साहित्याचे नाव विचारते. बांधणी कशी आहे, आत राहणाऱ्याला ऊन किती लागते, हे विचारत नाही. चांगले घर ओळखायचे तर हेच प्रश्न आधी विचारायला हवेत.

शिक्षकांनी हा धडा शिकवताना दोन तापमापी घ्याव्यात. एक पत्र्याच्या, दुसरी मातीच्या खोलीत, उन्हापासून दूर, सारख्या उंचीवर टांगावी. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी नोंदी घेऊन मुलांनी आलेख काढावा. मग कच्चे कोण, पक्के कोण, हे त्यांनाच पुन्हा विचारावे.