सहा कमांड जिंकल्या, पण कशामुळे?

सॉफ्टवेअरमधल्या साधेपणावर कुणी बोलायला लागलं की एक किस्सा हमखास निघतो. १९८६ साली 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मधल्या आपल्या सदरासाठी जॉन बेंटली यांनी डोनाल्ड क्नूथ यांना एक काम दिलं: मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द शोधून ते किती वेळा आले ते छापायचं. क्नूथ यांनी निबंधासारखा वाचता येणारा, कित्येक पानांचा प्रोग्रॅम लिहिला. शब्द साठवायची रचनाही त्यासाठी खास घडवली. परीक्षक होते युनिक्समधल्या 'पाइप'च्या कल्पनेचे जनक डग मॅकइलरॉय. त्यांनी कारागिरीचं कौतुक केलं आणि तेच काम सहा तयार कमांड जोडून करून दाखवलं. शब्द सुटे करा, कॅपिटल अक्षरं स्मॉल करा, क्रम लावा, सारखे शब्द मोजा, आकड्यांप्रमाणे उतरता क्रम लावा, वरचे हवे तेवढे ठेवा. झालं!

तात्पर्य सांगितलं जातं की कमी ओळी म्हणजे साधेपणा. मला हे पटत नाही. एक तर, प्रोग्रॅम माणसांना वाचता येईल असा कसा लिहावा हे दाखवणं, हेच क्नूथ यांच्याकडून अपेक्षित होतं. दुसरं म्हणजे, नुसत्या क्रम लावणाऱ्या कमांडच्या पोटातच केवढा तरी कोड आहे. तो का मोजायचा नाही? शिवाय मोजणीसाठी अख्ख्या मजकुरातला शब्द न् शब्द क्रमाने लावावा लागतो; क्नूथ यांच्या रचनेत प्रत्येक शब्द एकदाच साठवला जातो.

आता दोन्हींना मराठी मजकूर देऊन बघा. मॅकइलरॉय यांची पहिलीच कमांड ए ते झेड सोडून बाकी सगळं पुसते, म्हणजे आपली भाषाच गायब. बरं, 'अक्षर नसेल तिथे तोडा' असा नियम केला तरी फसतो, कारण युनिकोडमध्ये काना-वेलांटी 'अक्षर' या वर्गात येत नाहीत, त्या 'चिन्ह' आहेत. 'मराठी'चे तुकडे पडतात: 'मर' आणि 'ठ'!

पण दुरुस्ती कुठे करायची हे तुम्हाला लगेच कळलं ना? शब्द सुटे करणारा तुकडा बदला. पुढचे पाच जसेच्या तसे राहू द्या. क्नूथ यांच्याकडे मात्र इंग्रजीची २६ अक्षरं साठवणुकीच्या रचनेतच विणलेली आहेत. तिथे मराठी आणायची तर पायापासून उकलावं लागेल.

माझ्या मते मॅकइलरॉय इथे जिंकले. त्यांच्या मांडणीतही चुकीचं गृहीतक होतंच, फक्त ते एकाच जागी होतं आणि सहज काढता येत होतं. म्हणून कुठलंही अॅप किंवा टूल 'एकदम साधं' म्हणून समोर आलं, की बटणं किंवा ओळी मोजत बसू नका. ते ज्याच्यासाठी बनवलं नव्हतं असा माणूस, अशी भाषा त्याच्यापुढे ठेवा, आणि किती ठिकाणी हात घालावा लागतो ते मोजा.