बिंदूमागचे जंगल

चित्रकलेच्या तासाला 'देखावा काढा' म्हटले की चाळीस वह्यांत एकच चित्र उमटते. दोन डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचे झाड. मुले राहतात ती गल्ली त्यात कुठेच नसते. मी उर्दू शिकवते. चित्रकलेचा तास कधीमधी बदली म्हणून वाट्याला येतो. सय्यद हैदर रझांच्या चित्रांकडे मी वळले ते या वह्या तपासून कंटाळल्यावर.

रझा म्हटले की आज लोकांना एकच आठवते, काळा गोल बिंदू. त्यांचे 'जेस्टेशन' हे १९८९ चे चित्र २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात ५१ कोटी ७५ लाखांना गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनीही बिंदूचाच उदोउदो केला. आपल्या बैठकांत मात्र वेगळा सूर ऐकू येतो. मुसलमानाच्या घरात जन्मलेल्या या माणसाने बिंदू, प्रकृती, पुरुष असले शब्द कशाला जवळ केले? मला ही स्तुती आणि ही तक्रार दोन्ही उथळ वाटतात. दोघांनीही रझा मुळात निसर्गचित्रकार होते हे लक्षात घेतलेले नाही.

१९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी त्यांचा जन्म झाला. वडील जंगल खात्यात. घराभोवती दाट रान, जवळ नर्मदा. रात्री त्या अंधाराची पोराला भयंकर भीती वाटे; गोंडांच्या नाचगाण्याने ती थोडी हटे, आणि दिवस उजाडला, बाजार भरला की जिवात जीव येई. ही आठवण रझांनी आयुष्यभर सांगितली. त्यांच्या चित्रांतला काळा रंग मला तिथला वाटतो. काळ्याला ते सर्व रंगांची आई मानत. ज्याने तसली रात्र अनुभवली आहे त्यालाच हे सुचावे.

ककैयाच्या शाळेतली गोष्ट आम्हा शिक्षकांनी तरी विसरू नये. पोराचे मन अभ्यासात लागेना, सारखे रानात धावे. नंदलाल झारिया गुरुजींनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बसायला सांगितले. पुढे हाच ठिपका बिंदू झाला असे रझा म्हणत. पण गुरुजींनी ठिपका दाखवला तो जंगलापासून लक्ष काढून घेण्यासाठी, हे कुणी बोलत नाही. माझा सगळा वाद इथेच आहे.

१९३९ ते ४३ नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईत जे. जे. मध्ये शिक्षण झाले. मुंबईत ते एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत काम करीत आणि फावल्या वेळात शहर रंगवीत. १९४५ चे भर पावसातले फ्लोरा फाउंटन पाहावे. जलरंगाने रस्ता खराच ओला केला आहे, माणसे ब्रशच्या एकदोन फटकाऱ्यांत चालू लागतात. १९४७ साली सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. त्याच वर्षी आई गेली, १९४८ मध्ये वडील. भावंडे पाकिस्तानात गेली. रझा इथेच राहिले. १९४८ मध्येच ते काश्मीर रंगवायला गेले. तिथे छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी चित्रे पाहून बजावले की हात चांगला आहे, पण बांधणी नाही, सेझान अभ्यासा. हा सल्ला मनावर घेऊन, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून, १९५० मध्ये ते पॅरिसला पोहोचले.

बांधणी आली खरी. १९५१ चे 'ओ द कान्य' म्हणजे डोंगरावर रचलेली घरे, वर काळा सूर्य. एकही माणूस नाही. समीक्षक यात रचना पाहतात. मला ती फाळणीनंतरची, माणसे निघून गेलेली घरे दिसतात. हा माझा अर्थ, रझांचा नव्हे.

त्यांची सर्वांत मोठी चित्रे मला सत्तरच्या दशकातली वाटतात. 'तपोवन' (१९७२) घ्या किंवा 'ला तेर', म्हणजे जमीन, या नावाची चित्रे. डोंगर नाही, झाड नाही, क्षितिज नाही. काळोखात लाल-पिवळे पेटते आणि आपण रानात उभे असल्याचा भास होतो. देखावा गेला, पण निसर्ग राहिला. १९८३ च्या 'सौराष्ट्र'मध्येही ही धग आहे; शिवाय त्यात बिंदू एका कोपऱ्यात आहे, भोवतालची जमीन त्याला जुमानत नाही.

त्यानंतर पट्टी-कंपास वरचढ झाला. त्रिकोण, चौकोन, वर्तुळे नीटनेटकी बसली. काही चित्रे फार सुंदर आहेत, पण अनेकांत रात्रीची भीती उरलेली नाही. थोडक्यात, गुरुजींचा धडा विद्यार्थ्याने जरा जास्तच पाठ केला! बिंदूच्या मागे जंगल ऐकू येते तोवर चित्र जिवंत. ते थांबले की उरते ती नक्षी. मग शब्द संस्कृत आहे की अरबी, याने काय फरक पडतो?

साठ वर्षांच्या फ्रान्सनंतर ते २०१० मध्ये दिल्लीला परतले. २३ जुलै २०१६ रोजी गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी झाले.

येत्या पावसाळ्यात मुलांना ते फ्लोरा फाउंटन दाखवायचे ठरवले आहे. मग खिडकीतून दिसेल ते काढा म्हणणार. समोर पत्र्याची शेड, गॅरेज आणि तुंबलेले गटार दिसते. नारळाचे झाड काढेल त्याला गुण नाहीत.