विटांचं जहाज आणि झाडाचा डोंगा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बसून आम्ही जहाजांवर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू येईल. समुद्र इथून कितीतरी लांब. पण आजचा विषय प्रतिकृतींचा आहे; खेळण्यातल्या लेगो विटांनी रचलेल्या प्रचंड जहाजांचा.

डीएफडीएस या डॅनिश जहाज कंपनीने २०१६ साली, आपल्या १५०व्या वर्षानिमित्त, १२ मीटर लांबीचं असं जहाज उभं केलं. विटा किती? सुमारे १२ लाख! आकडा ऐकला की आपण टाळ्या वाजवतो आणि तिथेच थांबतो. आमची तक्रार नेमकी इथे आहे. आकाराला कारण हवं.

कारण असतं, नाही असं नाही. लेगोची वीट काटकोनी, तिच्या दोन खुंट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर. जहाजाचं पोट मात्र दोन्ही दिशांनी वळलेलं. काटकोनातून वळण काढायचं म्हणजे पायऱ्या पडणारच. प्रतिकृती लहान असेल तर त्या डोळ्यांत खुपतात. ती मोठी केली की वीट तुलनेनं बारीक होते, आणि दुरून पायऱ्यांची रेषा दिसू लागते. हा मोठेपणा कामाचा. विक्रमासाठीचा मोठेपणा निराळा.

आपल्याकडची रीत उलटी. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम एकत्र येतात. तिथला डोंगा एकाच खोडातून कोरलेला असतो. वीट चुकली तर काढून दुसरी लावता येते. डोंगा जास्त तासला गेला की खोडच वाया. म्हणून डोंगा ही कला आणि लेगो पोरखेळ, असं म्हणायचा मोह होतो. आम्ही तो टाळतो. पुरात डोंग्यातून जाणाऱ्याला विचारा, त्याला पूल हवा असतो.

आणि आइसलँडच्या ब्रिन्यार कार्लचं काय? या स्वमग्न मुलानं दहाव्या वर्षी टायटॅनिक रचायला घेतलं. ५६ हजार विटा, जवळपास ८ मीटर लांबी, ११ महिने. लोकांशी बोलायला अवघडणारा मुलगा त्या जहाजाविषयी जगाशी बोलू लागला.

तेव्हा आमचा निकष साधा आहे: नाव कुणाला पार नेते का? कंपनीचं जहाज आमच्या लेखी जाहिरातच राहतं. मुलाचं जहाज पाण्यात न उतरताही पैलतीराला लागलं. उद्या आपल्या आश्रमशाळेतली पोरं बांबूचं, मातीचं काही मोठं रचत असतील, तर ‘केवढं झालं?’ हे आपण शेवटी विचारू. आधी विचारू, ‘हे करताना तुला काय सापडलं?’