पिपरहवाची रत्ने : दान, धातू आणि लिलाव

भगवान बुद्धांच्या धातूंसमवेत स्तूपात निक्षेपिलेली रत्ने बाजारात मांडता येतात काय, हा प्रश्न २०२५ साली साऱ्या बौद्ध जगापुढे उभा राहिला. सदबीज या लिलावगृहाने ७ मे २०२५ रोजी हाँगकाँग येथे पिपरहवाच्या रत्नांचा लिलाव जाहीर केला होता. भारत सरकारच्या संस्कृती मंत्रालयाने कायदेशीर नोटीस दिल्यावर तो पुढे ढकलण्यात आला. पुढे ३० जुलै रोजी ही रत्ने भारतात परत आल्याचे जाहीर झाले. सर्वत्र आनंद व्यक्त झाला; तो आम्हांसही झाला. तथापि लिलावाच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद करण्यात आला आणि ज्या मार्गाने ही रत्ने परतली, त्या दोहोंची चिकित्सा या आनंदात राहून गेली. ती येथे करावयाची आहे.

प्रथम पूर्ववृत्त पाहू. आजच्या उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेलगत पिपरहवा हे स्थळ आहे. १८९८ च्या जानेवारीत तेथील जमिनीचे व्यवस्थापक विल्यम क्लॅक्स्टन पेप्पे यांनी आपल्या ताब्यातील जागेवरचा स्तूप खणला. आत दगडी पेटी, पेटीत करंडक, आणि करंडकांत अस्थी, रक्षा व सुमारे १८०० रत्ने होती. पोवळी, मोती, स्फटिक व सोन्याचे पत्रे यांना फुलापानांचे आकार दिलेले होते. एका करंडकावर ब्राह्मी लिपीत लेख होता. त्याच्या अन्वयाविषयी पंडितांत मतभेद आहेत; परंतु हे भगवान बुद्धांच्या धातूंचे निधान असून त्याचा संबंध शाक्यांशी, त्यांच्या बहिणींशी, पुत्रांशी व स्त्रियांशी आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

ब्रिटिश सरकारने १८७८ च्या गुप्तधनविषयक कायद्यानुसार या ठेव्यावर हक्क सांगितला. अस्थी सयामचे राजे चुलालंकरण यांना देण्यात आल्या. रत्नांचा मोठा भाग कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेला. सुमारे पाचवा हिस्सा ‘दुबार नग’ म्हणून पेप्पे यांच्याकडे राहिला. लिलावात आला तो हाच हिस्सा. ‘दुबार’ हा शब्द येथे विचार करण्याजोगा आहे. संग्रहालयाच्या नोंदवहीत एकासारखे दुसरे फूल दुबार ठरेल. परंतु अर्पण करणाऱ्याचे एक फूल दुसऱ्याच्या फुलामुळे अनावश्यक होत नाही. कुटुंबातील प्रत्येकाचे दान स्वतंत्र असते. या दानाची विभागणी वस्तूंच्या नगांप्रमाणे झाली, तेथेच पुढील साऱ्या अनर्थाचे बीज पडले.

आता युक्तिवादाकडे वळू. पेप्पे यांच्या वंशजांच्या वतीने दोन मुद्दे मांडण्यात आले. एक असा की, ही रत्ने म्हणजे शरीरधातू नव्हेत. दुसरा असा की, बौद्धांच्या हाती ती सोपविण्याचा लिलाव हाच न्याय्य व पारदर्शक मार्ग होय. पहिला मुद्दा लिलावाच्या शीर्षकाशीच विसंगत आहे. शीर्षकात ‘ऐतिहासिक बुद्धांची पिपरहवा रत्ने’ असे म्हटले होते. किंमत वाढावी म्हणून बुद्धांचे नाव घ्यावयाचे आणि आक्षेप आला की ती केवळ रत्ने आहेत असे म्हणावयाचे, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलता येत नाहीत. बुद्धांचे नाव वगळले असते तर सुमारे दहा कोटी हाँगकाँग डॉलरची अपेक्षा कोणी केली असती?

शास्त्राच्या कसोटीवरही हा मुद्दा टिकत नाही. महापरिनिब्बान सुत्तात धातूंसाठी सात पक्ष कुसिनारेच्या मल्लांकडे हक्क सांगू लागले आणि युद्धाचा प्रसंग आला, तेव्हा द्रोण ब्राह्मणाने धातूंचे आठ समान भाग केले. ज्या पात्राने धातू मोजले ते पात्र द्रोणाने मागून घेतले. उशिरा पोहोचलेल्या पिप्फलिवनाच्या मोरियांना चितेचे निखारे मिळाले. पात्रावरही स्तूप झाला, निखाऱ्यांवरही झाला. आठांचे दहा स्तूप झाले ते असे. धातूंचा स्पर्श झालेले रिकामे पात्र जर स्तूपास पात्र ठरते, तर अस्थी व रक्षेत मिसळून शतकानुशतके राहिलेली रत्ने निव्वळ अलंकार कशी ठरतील? शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक असे चैत्यांचे प्रकार परंपरेने मानले आहेत. बाजारू असा चौथा प्रकार मानलेला नाही.

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर द्रोणाच्या वाटणीतच आहे. तेथे शस्त्रबळाचा दावा होता, वंशाचा होता, राज्याचा होता; द्रव्यबळाचा नव्हता. ज्याच्याजवळ अधिक सुवर्ण त्याला अधिक धातू, असा न्याय द्रोणाने केला नाही. लिलावात सर्वांना बोली लावता येते हे खरे. परंतु लुंबिनीच्या वाटेवरील भिक्षूला किंवा मराठवाड्यातील शेतमजूर उपासकाला ज्या दालनात बोली लावणे अशक्य, ते दालन सर्वांना खुले आहे असे म्हणणे ही न्यायाची थट्टा होय.

मग रत्ने परतली कशी? मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाचे पिरोजशा गोदरेज यांनी ती विकत घेतली. किंमत जाहीर झाली नाही. त्यांतील मोठा भाग पाच वर्षांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयास उसनवार देण्याचे त्या वेळी ठरले. गोदरेज यांच्या कृतीविषयी कृतज्ञता बाळगूनही आम्ही म्हणतो की, ही परतफेड नव्हे, खरेदी आहे. विक्रेत्याचा विकण्याचा हक्क तीत मान्य झाला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून रघूजी भोसले यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांत घेतली व ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तलवार ही पूर्वीही हस्तांतरित होणारी वस्तू होती. ती शासनाच्या, म्हणजे जनतेच्या मालकीची झाली. स्तूपातील दान मात्र कोणा एकाच्या मालकीचे कधीच नव्हते. त्याला मालक मिळाला तो उत्खननानंतर.

येथे आमचेच काही वाचक विचारतील की, बाबासाहेबांच्या मार्गाने जाणाऱ्या बुद्धिवादी बौद्धांना अस्थींचे व मण्यांचे एवढे अगत्य कशाला? शंका योग्य आहे. तथागतांनी शरीरपूजेत गुंतू नये असे आनंदाला सांगितलेच होते. धातूंत चमत्काराची शक्ती आहे असे आम्ही मानत नाही. परंतु दीक्षाभूमीवरील बाबासाहेबांच्या अस्थींपुढे आपण नतमस्तक होतो ते चमत्कारासाठी नव्हे. त्या माणसाशी असलेले आपले नाते तेथे प्रत्यक्ष असते म्हणून. उद्या त्यांची कोणी किंमत ठरवू लागला तर आपण गप्प बसू काय?

महाराष्ट्राजवळ या बाबतीत दाखविण्याजोगी उदाहरणे आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. एकात एक ठेवलेले करंडक, सुवर्णपुष्पे, बुद्धमूर्ती व मातीच्या पात्राचे तुकडे निघाले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला; कोणाच्या घरच्या कपाटात गेला नाही. आम्ही विष्णुपुरीत राहतो. येथून फार लांब नसलेल्या तेरला विटांचा स्तूप उत्खननात मिळाला आहे. तेथील पांढरीतून निघणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती तेरचेच व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविल्या आणि तो संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला. आज गावातच त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. व्यापाऱ्याला वस्तूची किंमत कळते. लामतुरे यांना तिचे मूल्यही कळले होते.

म्हणून आमचे मागणे दोन प्रकारचे आहे. शासनाकडे असे की, पिपरहवाची रत्ने उसनवारीवर न ठेवता कायमची सार्वजनिक व्हावीत आणि त्यांच्या व्यवस्थेत बौद्धांना स्थान असावे. समाजाकडे असे की, पांढरीत सापडलेला मणी वा मूर्ती फिरत्या दलालाच्या हाती देऊ नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने निर्यातीस बंदी आहे. पण परदेशी जाणाऱ्या वस्तूचा पहिला सौदा बहुधा गावातच होतो. हाँगकाँगचा लिलाव थांबविणे आपल्या हाती नव्हते. हा पहिला सौदा थांबविणे आपल्या हाती आहे.