एका वंशावळीच्या पटाचें परीक्षण

आमच्या घरीं वंशावळीचा एक जुना पट आहे. कागद जुन्नरी, अक्षर बाळबोध. मूळपुरुषापासून अकरा पुरुष त्यांत दाखविले आहेत. इनाम कमिशनपुढें मांडण्यासाठीं तो तयार केला, अशी घरची समजूत आहे. आमच्या भाऊबंदांपैकीं कांहीं उत्साही तरुण कुलवृत्तांत छापण्याच्या उद्योगांत आहेत. त्यांनीं हा पट जसाच्या तसा आरंभीं घालावयाचें ठरविलें व आम्हांस चार ओळींची प्रस्तावना मागितली. प्रस्तावनेपूर्वीं पट तपासावा असें वाटून आम्हीं तें काम हातीं घेतलें. निकाल पटाच्या विरुद्ध गेला. तो येथें देण्याचें कारण इतकेंच कीं, असे पट अनेक घरीं जपलेले आहेत, आणि त्यांतील दोषहि बहुधा याच जातीचे असतात.

प्रथम पटाचा हेतु पाहिला पाहिजे. 1852 च्या अकराव्या कायद्यान्वयें इनामांची चौकशी झाली, तेव्हां मूळ सनद मिळविणाऱ्या पुरुषापासून आपल्यापर्यंतचा संबंध इनामदारास दाखवावा लागे. अशा कामीं केलेला पट म्हणजे एक दावा होय. दावा खोटाच असतो असें नाहीं. परंतु ज्या गोष्टीनें त्यास बाध येईल ती तो आपण होऊन सांगत नाहीं. म्हणून पटांत काय लिहिलें आहे याबरोबरच काय लिहिलेलें नाहीं, हेंहि परीक्षकानें विचारावें.

पहिला दोष चौथ्या पुरुषाविषयीं आहे. इतर नांवें काळ्या शाईनें ठळक लिहिलेलीं. हें एकच नांव फिक्या शाईनें, बारीक अक्षरांत, तिसऱ्या व पांचव्या पुरुषांच्या मध्यें कोंबलेलें आहे. त्याच फिक्या शाईनें समासांत दर पिढीस 30 वर्षें धरून केलेली बेरीज आहे. कोणा पूर्वजानें हिशेब केला, वर्षें भरेनात, तेव्हां एक पुरुष निर्माण करून तीं भरून काढलीं, हें उघड आहे. या पुरुषाचा उल्लेख आमच्या दप्तरांतील दुसऱ्या एकाहि कागदांत नाहीं.

पिढीस अमुक वर्षें हा हिशेब एका घराण्यापुरता किती फसवा आहे, हें पेशव्यांच्या उदाहरणावरून कळेल. पहिले बाजीराव 1700 सालीं जन्मले. त्यांचे वडील चिरंजीव बाळाजी 1720 सालीं, बाळाजींचे नारायणराव 1755 सालीं, व नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव 1774 च्या एप्रिलांत जन्मले. दुसऱ्या शाखेंत बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव 1734 सालीं, व रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव 1775 च्या जानेवारींत जन्मले. सवाई माधवराव पहिल्या बाजीरावांचे पणतू, दुसरे बाजीराव नातू. आणि दोघांच्या वयांत अंतर सुमारें नऊ महिन्यांचें! अशा सरासरीच्या बळावर पूर्वज काढतां येत नाहींत, तसे घालतांहि येत नाहींत.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा आहे. नातवास आजाचें नांव ठेवण्याच्या आपल्या चालीमुळें एकाच नांवाचीं माणसें घरोघर आढळतात. नाना फडणीस हे बाळाजी जनार्दन भानू, तर त्यांचे आजे बाळाजी महादेव भानू. बापाचें नांव सुटलें तर आजा कोणता व नातू कोणता हें ठरविणें कठीण. अशा वेळीं दोन माणसांचें एक माणूस होतें, ही चूक सर्वांच्या परिचयाची आहे. आमच्या पटांत उलट झालें आहे. एका माणसाचीं दोन झालीं आहेत.

पटाप्रमाणें सहावा पुरुष हा पांचव्याचा औरस पुत्र. त्याच नांवाचा एक चुलतभाऊ धाकट्या शाखेंत दाखविला असून त्याच्याखालीं ‘निर्वंश’ असें लिहिलें आहे. नाशिकच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहींत या नांवाचे दोन मोडी लेख मिळाले. एकावर शक व संवत्सर आहे, दुसऱ्यावर सुहूर सन. शकांत 12 मिळवून 60 नीं भागिलें असतां जी बाकी उरते, ती प्रभवापासून संवत्सराचा अनुक्रम दाखविते. त्या कसोटीस पहिला लेख उतरतो. सुहूर सनांत मृगापासून डिसेंबरअखेर 599 व पुढें 600 मिळवून दुसऱ्याचा काळ काढिला, तो पहिल्याच्या मागाहूनचा ठरतो. पहिल्या लेखांत लिहिणारा धाकट्या शाखेंतील बाप सांगतो, दोघां भावांचीं नांवें देतो, आणि पांचव्या पुरुषास कैलासवासी काका म्हणतो. दुसऱ्या लेखांत पांचवा पुरुष हाच बाप आहे व भाऊ एकहि नाहीं. दोन्ही लेखांचें अक्षर मात्र एकच. वळण, कल, सहीची ठेवण, सर्व तेंच.

येथें घरच्या उपाध्यायांची महालयाची यादी उपयोगी पडली. पटांत स्त्रीचें नांव औषधालाहि नाहीं. परंतु श्राद्धांत पिता, पितामह, प्रपितामह यांप्रमाणें माता, पितामही, प्रपितामही यांचाहि उच्चार करावा लागतो. सातव्या पुरुषाच्या वेळच्या यादींत पितामही म्हणून पांचव्या पुरुषाच्या पत्नीचें नांव आहे. या तिन्ही लेखांचा मेळ एकाच रीतीनें बसतो. पांचवा पुरुष निपुत्रिक वारला, व त्याच्या विधवेनें धाकट्या शाखेंतील पुतण्या दत्तक घेतला.

वहींत स्वहस्तें लेख लिहिणारा जाणता पुरुष दत्तक कसा जाईल, अशी शंका एका मित्रानें काढिली. नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखांत विवाहित व पुत्रवान् पुरुषाचेंहि दत्तविधान मान्य आहे, आणि आपल्या प्रांतीं तोच ग्रंथ प्रमाण मानीत. पतीची स्पष्ट आज्ञा नसतांहि विधवेस दत्तक घेण्याचा अधिकार येथें मानला गेला आहे. तेव्हां शास्त्राची अडचण नाहीं.

मग पटांत हें लपविलें कां? 1848 सालीं दत्तक नामंजूर करून सातारचें राज्य खालसा झालें होतें. जेथें छत्रपतींच्या गादीचा दत्तक टिकला नाहीं, तेथें चार बिघ्यांच्या इनामदारानें आपल्या घरचा दत्तक उघड करण्यास भ्यावें, यांत नवल नाहीं. हें आमचें अनुमान आहे. दत्तकपत्र अद्याप हातीं आलेलें नाहीं, व तें येईपर्यंत दत्तकाची गोष्टहि अनुमानाच्याच कोटींत राहील.

आमचे एक वडील भाऊबंद हें ऐकून म्हणाले, “मास्तर, छापण्याच्या वेळींच तुम्हीं एक पूर्वज मारिलात, आणि वंशहि तोडलात.” त्यांचें दुःख आम्हांस समजतें, लहानपणीं हीं अकरा नांवें आम्हींहि पाठ म्हटलीं आहेत. परंतु जो पुरुष कधीं झालाच नाहीं त्याची हत्या होत नाहीं. वंशहि तुटला नाहीं. ज्या बाईनें तो चालविला तिचें नांव पटाबाहेर राहिलें होतें, तें आंत आलें.

आमची सूचना अशी कीं, मूळ पट कांहीं न फिरवितां, शाईच्या भेदासकट, पुरावा म्हणून छापावा. त्याशेजारीं शोधित वंशावळ द्यावी. तींत चौथ्या पुरुषाचें नांव गाळावें, दत्तकाची रेघ तुटक काढावी, आणि पहिल्या तीन पुरुषांना पटाखेरीज आधार नाहीं असें स्पष्ट लिहावें. तरुण मंडळींनीं हें मान्य केलें, याचा आम्हांस संतोष आहे.

संग्राहकांस एक विनंति आहे. सनदा व महजर सर्वच जपतात. महालयाच्या याद्या, मुंजीलग्नाच्या खर्चाचीं टिपणें व तीर्थोपाध्यायांच्या वह्या मात्र रद्दींत जातात. या कागदांना दावा जिंकावयाचा नसतो, म्हणून त्यांची साक्ष मोलाची. आणि कोणाच्या रुमालांत परक्या घराण्याचें एखादें दत्तकपत्र पडलें असेल, तर तें निरुपयोगी समजून टाकूं नये. कदाचित् तें आमचेंच असेल.