मग आम्ही गायचं काय?

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'तली मराठीची थोरवी गाणारी ओवी आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. शाळेच्या भिंतीवर, भाषादिनाच्या फलकावर, निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात. ती ओवी इतकी लाडकी झाली, की बाकीचं पुराण तिच्या सावलीत गेलं. त्याच पुराणाच्या प्रास्ताविकात एक माणूस उठून बोलतो. त्याचं बोलणं मात्र कुणी फलकावर लिहीत नाही.

प्रसंग साधा आहे. चर्चमध्ये पाद्री मुलांना धर्माचे पाठ देतो आहे, मोठी माणसंही बसली आहेत. तेवढ्यात त्यांतला एक जण बोलू लागतो. शिकवता ते चांगलंच आहे, म्हणतो. पण आमची पूर्वीची पुराणं तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी दुसरं काही द्याल की नाही? दिवसभराच्या कामानंतर मन रमवायला आम्ही वाचायचं काय, गायचं काय?

हा माणूस खरोखर असा उठला होता, की कवीने त्याला उभा केला? ग्रंथाच्या सुरुवातीला श्रोत्याच्या तोंडून मागणी वदवून घेणं हा आपल्या पुराणकारांचा जुना रिवाज. स्टीफन्सने तो उचलला असेल. पण त्याने काही बिघडत नाही. बंदी घालणाऱ्यांच्याच गोटातला हा पाद्री, बंदीविरुद्धची तक्रार स्वतःच्या ग्रंथात लिहितो आणि तिला उर्मट म्हणत नाही. ती त्याला रास्त वाटते. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो तो यासाठी. त्या माणसाला देव कमी पडलेला नाही, प्रार्थनाही कमी पडलेली नाही. त्याला संध्याकाळ कमी पडली आहे.

स्टीफन्स मूळचा इंग्रज. १५७९ मध्ये तो गोव्यात उतरला आणि आयुष्याची उरलेली सुमारे चाळीस वर्षं त्याने याच मुलखात, मुख्यतः सासष्टीत काढली. त्याने या मागणीला उत्तर दिलं ते जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. १६१६ मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. पण उत्तराचं खरं मर्म आकड्यात नाही, छंदात आहे. युरोपातलं कुठलंही वृत्त त्याला वापरता आलं असतं. त्याने घेतली ओवी.

ओवीची घडण जरा जवळून पाहू. पहिले तीन चरण एका यमकात बांधलेले, चौथा आखूड आणि यमकाबाहेरचा. गाताना काय होतं, ते ज्याने पारायण ऐकलंय त्याला सांगायला नको. तीन वेळा कानाला सवय लागते, चौथ्याला तोच नाद यायची वाट पाहावी आणि तो येतच नाही. पाऊल एक पायरी खाली पडतं. डोक्यावरचं ओझं तिथे टेकवलं जातं, श्वास घेतला जातो आणि पुन्हा उचललं जातं. पाश्चात्त्य उपासनागीताचं कडवं शेवटच्या यमकाशी दार लावून घेतं. ओवी दार किलकिलं ठेवते, म्हणून तिच्यातून गोष्ट पुढे सरकते. पुराण सांगायचं तर हेच हवं. स्टीफन्सचा स्वर्ग या ओव्यांत 'वैकुंठ' होतो आणि पवित्र आत्मा मात्र 'स्पिरितु सांतु'च राहतो. परके शब्द आणि ओळखीची चाल अशी ती सोयरीक आहे, आणि चालीने परक्या शब्दांना घरात घेतलं आहे.

गोव्यातल्या चर्चमध्ये हे पुराण पुढे दीडेकशे वर्षं गायलं जात होतं. आणि त्याच गोव्यात १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, हुकूम काढून ख्रिस्ती लग्नघरांतल्या ओव्यांना मनाई केली. म्हणजे तीच ओवी वेदीसमोर चालत होती आणि मांडवात चालत नव्हती. धार्मिक गाणं कुठे संपतं आणि लौकिक कुठे सुरू होतं याची रेघ छंदात नव्हती, सुरांतही नव्हती. ती ज्याच्या हातात खडू होता त्याने ओढली होती.

हे सगळं मला आठवलं ते दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात.

माझा भाऊ केंद्र सरकारच्या नोकरीत. आयएनए आणि सरोजिनी नगर यांच्या मधल्या या वसाहतीत त्याला क्वार्टर मिळालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. जुनी, बैठी-दुमजली घरं, मधे कडुनिंब, आणि जिन्यात उन्हाळ्यात पिवळ्या पानांचा सडा.  वसाहतीला नाव झाशीच्या राणीचं. आमच्या घरात मात्र ते लक्ष्मीबाई टिळकांचं आहे असं समजायची पद्धत होती. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. त्यामुळे त्यांचं 'स्मृतिचित्रे' आमच्याकडे पुस्तकाच्या फडताळात नसतं, उशाशी असतं.

माझी लाडकी भाची, या भावाची मुलगी. तेव्हा सोळाची. तिच्या फोनमध्ये गाण्यांच्या दोन याद्या होत्या. एकीचं नाव 'संडे', दुसरीचं 'बाकी'. 'संडे'मध्ये तिच्या चर्चच्या तरुण संघात म्हणतात ती इंग्रजी आणि हिंदी आराधनेची गीतं. 'बाकी'मध्ये रहमान, बीटीएस, अरिजित आणि मला नावही नीट घेता न येणारे बरेच कुणी. त्या आठवड्यात संघातल्या कुणा दादाने मुलांना सांगितलं होतं, जगिक गाणी सोडा. जगिक हा आमच्या मंडळीतला खास शब्द. जे जगाचं, ते प्रभूचं नाही, असा त्याचा साधा अर्थ.

रात्री जिन्याच्या पायरीवर बसून तिने विचारलं, "आत्या, 'बाकी' डिलीट करू का?"

मी विचारलं, "तुला करावंसं वाटतंय का?"

"नाही. पण 'संडे' ऐकताना मी कधीकधी नुसता गिटार ऐकते. शब्द नाहीच ऐकत. आणि 'बाकी'तलं एक गाणं ऐकताना मला प्रार्थना करावीशी वाटते. मग कुठलं पाप?"

क्रिस्तपुराणातल्या त्या प्रसंगात मला नेहमी एक गोष्ट खटकत आली होती. शिकवणी मुलांची चालली आहे, पण बोलतो तो मोठा माणूस. मुलं सबंध प्रसंगात गप्प आहेत. त्यांना काय गावंसं वाटत होतं, ते स्टीफन्सने लिहिलेलं नाही. त्या रात्री मला वाटलं, त्या मुलांतली एक चारशे वर्षांनी बोलली.

मी तिला उपदेश केला नाही, टिळकांचं सांगितलं. लक्ष्मीबाईंचे यजमान रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आधीच्या मिशनच्या मंडळ्यांत पाश्चात्त्य चालींवर बेतलेली, भाषांतरित गीतं पुष्कळ. मराठी तोंडात ती चणे घेऊन बोलल्यासारखी व्हायची: शब्द मराठी, आघात इंग्रजी. टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. त्यांनी तो पूल मागे वळून जाळला नाही. त्यांनी अभंग घेतला, ओवी घेतली, भजनाचा ठेका घेतला. 'उपासना संगीत' उघडलं की त्यांची गीतं पानोपानी भेटतात.

मोठ्या अभंगाची मोजणी घ्या: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा पुन्हा आखूड, पुन्हा मोकळा. ओवीची तीच खालची पायरी इथेही आहे. वारकरी तिथे टाळ वाजवतो, आमच्या मंडळीतही तबलजी त्याच जागी हात सोडतो. आणि या चौकटीत टिळक ख्रिस्ताला हाक मारतात ती माउली म्हणून, गुरू म्हणून. माउली या शब्दाला मराठीत पंढरीच्या वाटेची धूळ लागलेली आहे. टिळकांनी ती झटकली नाही. या गीतांचं सौंदर्य मला त्यात वाटतं: शब्द आपल्या जुन्या घरची आठवण घेऊनच नव्या घरात उभा राहतो आणि दोन्हीकडे ओशाळत नाही. ज्या नवख्रिस्ती म्हाताऱ्यांनी टाळ-मृदंग कायमचा मागे टाकला होता, त्यांना तोच आवाज उपासनेत ऐकून काय वाटलं असेल? त्यांच्या लेखी तेही जगिकच नव्हतं का?

आणि हेच टिळक फुलामुलांचे कवी. 'केवढें हें क्रौर्य!' मधली पक्षीण शाळेत वाचताना ती ख्रिस्ती कवीची आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. त्यांनी आपल्या कवितेच्या दोन याद्या केल्या नव्हत्या. त्यांच्या नगरच्या घरी राहिलेला ठोंबरे नावाचा मुलगा, म्हणजे आपले बालकवी. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनाने त्याला हे नाव दिलं, तेव्हा तो जेमतेम सोळा-सतराचा. ख्रिस्ती कवीच्या घरात राहून त्याने धर्म उचलला नाही, कविता उचलली. टिळकांनीही त्याबद्दल त्याला दूर केलं नाही.

"म्हणजे सगळं चालतं?" तिने लगेच पकडलं. सोळाव्या वर्षी माणूस वकील असतो.

सगळं चालतं असं मी म्हटलं नाही. काही गाणी माणसाला लहान करतात, ती चर्चमध्ये म्हटली तरी करतात. पण उलटी वाटही पाहा, म्हटलं. स्टीफन्स ज्या सासष्टीत राबला, तिथल्याच माजोर्ड्यात १९२७ मध्ये अँथनी गोन्साल्विस जन्मला. गोव्यात चर्चच्या शाळा मुलांना स्वरलिपी शिकवत, व्हायोलिन हातात देत. मिस्साच्या गायनासाठी तयार केलेला हा हात किशोरवयातच मुंबईच्या सिनेमात पोचला. ज्या शिस्तीने त्याने वेदीजवळ चार आवाजांचं गाणं ऐकलं असेल, तीच शिस्त फिल्मी वाद्यवृंदात उतरली. संगीतकार प्यारेलाल त्याच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नाव त्यांनी गाण्यातच घातलं. आज ते गाणं लग्नाच्या वरातीत वाजतं तेव्हा त्यात चर्चच्या शाळेचा किती वाटा आहे, कोण मोजणार? ते तुझ्या कुठल्या यादीत टाकशील?

ती हसली. "ते तर 'बाकी'त आहेच."

दुसऱ्या दिवशी मी तिला ओवी कशी बांधतात ते दाखवलं. तीन यमकं, मग पायरी खाली. घरात मराठी, शाळेत हिंदी, फोनवर इंग्रजी, अशा मुलीला ते जमेल असं मला वाटलं नव्हतं. संध्याकाळी ती क्लासवरून आली ती गुणगुणतच.

मेट्रो आली आयएनएला
गर्दीचा लोंढा वर आला
तेवढ्यात प्रभू काही बोलला
ऐकू न आले

मी कवयित्री नाही, पण वाचक आहे, म्हणून या चार ओळींपाशी थांबते. पहिल्या दोन चरणांत दिल्ली आहे, नुसती वर्दी दिल्यासारखी. तिसऱ्यात प्रभू येतो, पण कसा? ना ढगांतून, ना वेदीवरून. सरकत्या जिन्यावरच्या गर्दीत, एखाद्या ओळखीच्या माणसाने हाक मारावी तसा. 'तेवढ्यात' हा शब्द पाहा. अगदी घरगुती, निरोपातला शब्द. त्याने देवाला बाकीच्या घटनांच्या रांगेत आणून उभं केलं आहे. 'आला'शी 'बोलला' जुळतं, म्हणजे लोंढा आणि प्रभू एकाच यमकात बांधले गेले. जग आणि देव वेगळे ठेवा असं जे तिला सांगितलं गेलं होतं, ते तिच्या यमकाने ऐकलेलंच नाही. आणि मग चौथा चरण. सगळे नाद सोडून, आखूड, खाली. ऐकू न आले. यात तक्रार नाही, पश्चात्तापही नाही. नुसतं जे झालं ते. दोन याद्यांच्या मुलीने दोन्ही याद्यांपेक्षा खरं काही त्या पाच अक्षरांत सांगितलं होतं, आणि ते सांगायला छंदाने आधीच जागा रिकामी ठेवली होती. स्टीफन्सने जी ओवी त्या उठून बोललेल्या माणसासाठी घेतली, तिची ही रिकामी पायरी गप्प बसलेल्या मुलांसाठी शिल्लक होती म्हणायची.

'आलं' बोलतो आपण, 'आले' का लिहिलंस, असं मी विचारलं. म्हणाली, "आजोबा प्रार्थनेत असंच बोलतात ना."

रात्री गिटारवर तिने ती म्हटली आणि फोनवर रेकॉर्ड केली. फोनने त्याला आपणहून नाव दिलं: न्यू रेकॉर्डिंग ७. भाऊ शेजारून म्हणाला, "'संडे'त टाक, तरुण संघात म्हणता येईल." वहिनी म्हणाली, "प्रभू बोलला आणि ऐकू आलं नाही, असं म्हणतात का उपासनेत?" दोघं माझ्याकडे पाहू लागले. मी तिच्याकडे.

तिने फोन पालथा ठेवला. नाव बदललं नाही, यादीतही टाकलं नाही.