पूर्वसूरींवरील टीकेचा न्याय

मागच्या पिढीच्या संशोधकांविषयीं आज दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं जें लिहिलें त्यास हात लावण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. दुसरा पक्ष त्यांच्या चुकांची यादी वाचून दाखवितो आणि त्यांचें सर्व लेखन आतां बासनांत बांधून ठेवावें, असा निकाल देतो. खानदेशास हा वाद परका नाहीं. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले व १९२७ सालीं तेथेंच त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ निघालें. तेव्हां येथील संग्राहकांनीं तरी हा वाद भक्तीवर किंवा रोषावर न सोंपवितां पुराव्यावर मिटवावा, असें आम्हांस वाटतें.

मागच्यांस कसें तपासावें याची रीत व्याकरणशास्त्रानें पूर्वींच घालून दिली आहे. कात्यायनानें पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिकें रचिलीं. उक्त, अनुक्त व दुरुक्त या तिहींचा विचार करणें, हें वार्तिकाचें लक्षण सांगतात. आचार्य काय बोलले, काय बोलावयाचें राहिलें आणि काय चुकीचें बोलले, हीं तीन खातीं निराळीं होत. पुढें पतंजलीनें कात्यायनाचे कित्येक आक्षेप परतवून सूत्रकाराची बाजू राखिली. परंपरेनें या तिघांसहि मुनि म्हटलें. इतकेंच नव्हे, तर त्यांच्यांत मतभेद पडल्यास मागच्यापेक्षां पुढच्याचें मत अधिक प्रमाण धरिलें. म्हणजे मागच्यास तपासणें हा अपराध नव्हे. अपराध आहे तो अनुक्तास दुरुक्त ठरविण्याचा, आणि आजच्या टीकेंत तोच वारंवार घडतो.

उदाहरणार्थ, ग्रँट डफनें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत शिवछत्रपतींचा जन्म १६२७ सालचा दिला. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनीं प्रसिद्ध केली ती १९१६ सालीं. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही मिति आहे. डफ १८५८ सालीं वारला. जो कागद त्याच्या हयातींत उजेडांत आला नाहीं, तो न पाहिल्याबद्दल त्यास दोष देणें हा न्याय नव्हे. राजवाड्यांचेंहि तसेंच. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग सरदेसायांनीं १९३० पासून १९३४ पर्यंत संपादिले, तेव्हां राजवाडे हयात नव्हते. पानिपताची जी हकीकत त्या भागांमुळें कळली, ती राजवाड्यांच्या प्रस्तावनेंत नाहीं म्हणून हंसणें पोरकटपणाचें आहे.

परंतु एवढ्यानें सर्वच दोष धुतले जात नाहींत. राजवाड्यांनीं बखरकारांस समकालीन पत्रांशीं ताडून त्यांच्या मित्यांच्या व स्थळांच्या चुका दाखविल्या. अस्सल कागद पुढें ठेवा, ही त्यांची कसोटी. तीच त्यांना लावणें हा अन्याय कसा होईल? १९०९ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरी छापिली, ती एकनाथांच्या शके १५०६ मधील शुद्धीकरणापूर्वींच्या पोथीवरून, असें त्यांचें म्हणणें. ती पोथी पुढच्या अभ्यासकांस पाहावयास मिळाली नाहीं. पाठ ताडून पाहण्याचा मार्गच खुंटला. डफनें निदान आपल्या साधनांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटींत ठेवल्याचें नमूद तरी केलें होतें. राजवाड्यांचा हा दोष आजच्या मापानें काढलेला नाहीं; तो त्यांच्याच मापानें निघतो. तरीहि महाराष्ट्र शासनानें १९६० सालीं ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली तेव्हां आधारास राजवाड्यांचीच संहिता घेतली. दोष दाखविला म्हणजे काम बुडालें असें होत नाहीं, याचा याहून चांगला दाखला कोणता?

तिसरी गोष्ट नाजूक आहे, पण टाळण्यासारखी नाहीं. जातींविषयीं राजवाड्यांनीं जे अभिप्राय दिले त्यांबद्दल त्यांचे भक्त म्हणतात, तो काळच तसा होता. या बचावाची परीक्षा सोपी आहे: त्याच काळीं कोणी हरकत घेतली होती काय? चांद्रसेनीय कायस्थ प्रभु ज्ञातीविषयींच्या त्यांच्या विधानांस केशव सीताराम ठाकरे यांनीं १९१८ सालीं ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून उत्तर दिलें. राजवाडे तेव्हां हयात होते व लिहीत होते. जी हरकत समकालीनानें तोंडावर घेतली, ती दुर्लक्षिल्याचा भार काळावर टाकतां येत नाहीं.

गेलेला मनुष्य उत्तर देऊं शकत नाहीं, हा आक्षेप उरतो. तो खरा आहे. म्हणूनच टीकाकारानें प्रथम पूर्वपक्ष, तोहि प्रतिपक्ष्यास मान्य होईल असा, मांडावा. राजवाड्यांचे साधनांचे २२ खंड छापलेले आहेत. ते उघडून पाहिल्याविना जो दोष काढितो, त्याची टीका आम्ही ऐकीव समजतों. आणि जो ते उघडूं देत नाहीं, त्याची भक्तीहि ऐकीवच.

आतां आपणां संग्राहकांकडे वळूं. आमच्या मेहरूणापासून धुळ्यापर्यंत ज्या घरीं जुने रुमाल व पोथ्या असतील, तेथील मालकांनीं पोथी कोठून आली, पानें किती, कोणतीं गहाळ, हें आजच टिपून ठेवावें आणि नक्कल मंडळांत द्यावी. आपणांस न सांपडलेल्या कागदांबद्दल पुढची पिढी आपणांस क्षमा करील. सांपडलेले कागद कुलपांत ठेवून कसरीस खाऊं घातल्याबद्दल ती दोष देईल, आणि तो दोष न्याय्यच असेल.